टीव्ही लायसन्सचे १७४.५० पौंड: बीबीसीला कशासाठी द्यायचे?

थेम्सकाठचा
बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. पुढे काय करायचं यावर ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये ग्रीन पेपर (धोरणाचा चर्चामसुदा) काढून लोकांची मतं मागवली. तेव्हापासून इथल्या मराठी ग्रुपांवर दोन तट पडलेत. एक टीव्ही लायसन्सबद्दल म्हणतो "बंद करा ही खंडणी", दुसरा म्हणतो "बीबीसी गेली तर उरलं काय". दोन्हीकडे आवेश भरपूर आणि माहिती बेताची, म्हणून हा धागा.

बीबीसी मुख्यतः ज्यावर चालते ते हे घरटी लायसन्स एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात १७४.५० पौंड होतं, म्हणजे दिवसाला ४८ पेन्सच्या आत. २०२३-२४ मध्ये यातून बीबीसीला ३६६ कोटी पौंड मिळाले. लायसन्सं होती २ कोटी ३९ लाख.

माझं मत आधीच सांगून टाकतो: रक्कम अवाजवी नाही, वसुलीची पद्धत मात्र शंभर वर्षं जुनी आहे. १९२२ मध्ये रेडिओसाठी दहा शिलिंगचं लायसन्स निघालं तेव्हा घरात संच असणं हीच खूण होती. आता प्रत्येकाच्या खिशात संच आहे. मग (१) पैशाच्या मानाने मोल मिळतं का, (२) खर्च नीट होतो का, (३) बातम्या निःपक्ष आहेत का? जाणकारांनी लिहावं. "मी तर टीव्हीच बघत नाही" एवढंच सांगायचं असेल तर तो प्रतिसाद मनातच ठेवा.

खडूस_वाचक
मी तर टीव्हीच बघत नाही.

लेस्टरकर
खडूसराव, टीव्ही न बघण्याने सुटका होतेच असं नाही. नियम नीट लिहितो, कारण निम्मे गैरसमज इथेच आहेत.

लायसन्स दोन गोष्टींना लागतं. कुठल्याही वाहिनीवर कार्यक्रम लागलेला असताना तो थेट पाहणं किंवा रेकॉर्ड करणं ही एक. बीबीसी आयप्लेअरवर (बीबीसीच्या ऑनलाइन ॲपवर) काहीही पाहणं ही दुसरी. साधन कुठलं याला महत्त्व नाही. फोन, लॅपटॉप, टॅब सगळं आलं. वाहिनी बीबीसीचीच असायला हवी असंही नाही. परदेशी वाहिनी थेट बघत असाल, मग ती डिशवर असो वा ॲपवर, तरी लायसन्स लागतं. म्हणजे आयपीएलचा सामना पैसे भरून थेट बघणाऱ्यालाही ते हवंच. एक तास उशिरा चालणाऱ्या '+१' वाहिन्याही थेटच धरतात.

नेटफ्लिक्सवरच्या मालिका, आयटीव्ही आणि चॅनेल ४ वरचे मागचे भाग, डीव्हीडी, यूट्यूबवरच्या क्लिपा यांना लागत नाही. बीबीसीची वेबसाइट आणि सगळा रेडिओही मोकळा आहे. फक्त रेडिओचं लायसन्स १९७१ मध्येच बंद झालं. आयप्लेअरवरचे मागचे भाग १ सप्टेंबर २०१६ पर्यंत फुकट होते, त्या तारखेपासून ती पळवाट बुजवली.

अनुस्वार
उत्तम माहिती. विद्यार्थ्यांचं काय? सप्टेंबर आला की हा प्रश्न प्रत्येक ग्रुपवर येतो आणि दरवर्षी चुकीचं उत्तर मिळतं.

लेस्टरकर
ते चुकीचं उत्तर म्हणजे "विद्यार्थ्यांना लागत नाही". खरा नियम असा: आईवडिलांच्या ब्रिटनमधल्या पत्त्यावर लायसन्स असेल, आणि विद्यार्थी स्वतःच्या बॅटरीवर चालणारं साधन विजेच्या सॉकेटला न जोडता वापरत असेल, तर घरच्या लायसन्समध्ये तो धरला जातो. चार्जर लावून थेट सामना बघितला की सवलत गेली.

पुण्याहून आलेल्या मुलाच्या आईवडिलांचं इथे लायसन्सच नाही, त्यामुळे त्याला ही सवलत मुळातच लागू नाही. होस्टेलच्या हॉलमधल्या सामायिक टीव्हीचं लायसन्स बहुधा संस्थेचं असतं, पण ते खोलीपर्यंत पोचत नाही. भाड्याच्या घरात सगळ्यांचा एकत्र भाडेकरार असेल तर घरटी एक लायसन्स पुरतं. खोलीगणिक वेगळा करार असेल तर खोलीत टीव्ही बघणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं घ्यावं लागतं. उन्हाळ्यात घर सोडताना पूर्ण महिने शिल्लक असतील तर परतावा मागता येतो. बरेच जण तो मागतच नाहीत.

आणखी एक: मासिक डायरेक्ट डेबिट लावलं की पहिल्या वर्षाची रक्कम सहाच महिन्यांत कापतात, १७४.५० च्या दराने महिना सुमारे २९ पौंड. नंतर साडेचौदाच्या आसपास येते. "दुप्पट कापले हो!" अशा पोस्टींचं मूळ हे आहे.

चहाटळ
कृष्णधवल टीव्हीचं लायसन्स अजून मिळतं म्हणे. २०२५-२६ च्या दराने ५८.५० पौंडांत भागत असेल तर मी रंगांचा त्याग करायला तयार आहे.

डायोड
मिळतं, पण सोबत रंगीत रेकॉर्डिंग करू शकणारा एकही बॉक्स चालत नाही. कृष्णधवल संचाला रेकॉर्डिंग न करणारा साधा डिजिटल बॉक्स जोडून बघावं लागेल. त्याग पुरता करा.

अवांतर, पण मजेशीर: ती प्रसिद्ध 'डिटेक्टर व्हॅन'. १९५२ मध्ये पहिल्या व्हॅन निघाल्या तेव्हा त्यामागे खरं विज्ञान होतं. जुन्या संचातला वाहिनी लावणारा भाग (लोकल ऑसिलेटर) थोडा सिग्नल बाहेर गळू द्यायचा. दिशा दाखवणाऱ्या अँटेनाने तो पकडला की कोणत्या घरात संच चालू आहे आणि कोणती वाहिनी लागली आहे, हे कळायचं. आजच्या संचांची गळती नगण्य आहे आणि वायफायवरून बघणाऱ्याचं काय पकडणार? व्हॅनमधल्या यंत्राचा पुरावा न्यायालयात मांडून कुणाला शिक्षा झाल्याचं उदाहरण पुढे आलेलं नाही. खरं हत्यार आहे पत्त्यांची यादी. देशातल्या सगळ्या पत्त्यांतून लायसन्स असलेले वजा करायचे, उरलेल्यांना पत्रं पाठवायची.

पिंपळपान
आणि ती पत्रं कशी असतात तेही सांगा. लाल अक्षरं, "तपास सुरू केला आहे" अशी भाषा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात गोळा येईल. ज्यांना लायसन्स लागतच नाही त्यांनाही तीच पत्रं.

मला रकमेपेक्षा हे जास्त खटकतं. इंग्लंड-वेल्समध्ये लायसन्स नसणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड हजार पौंडांपर्यंत. खटले चालतात 'सिंगल जस्टिस प्रोसीजर'ने: एक मॅजिस्ट्रेट बंद खोलीत कागद वाचून निकाल देतो, आरोपी समोर नसतो. टपालाने आलेल्या नोटिशीला २१ दिवसांत उत्तर द्यायचं. आजारी किंवा गोंधळलेला माणूस ते पाकीट उघडतही नाही आणि त्याच्यामागे दोषी ठरतो. दोषी ठरणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक बायका आहेत. बायका जास्त बुडवतात असं नाही. दिवसा दार उघडायला घरी कोण असतं, आणि एकट्या पालकाचं घर बहुतेक वेळा कुणाच्या नावावर असतं, याचं ते उत्तर आहे.

थेम्सकाठचा
पिंपळपान, पूर्ण सहमत. पण गुन्ह्याऐवजी दिवाणी थकबाकी केली तर वसुलीवाले दारात येतील आणि पतनोंद बिघडेल, तेही गरिबालाच महागात पडेल. २०१५ मध्ये डेव्हिड पेरी यांच्या अहवालाने ही पद्धत आहे तशी ठेवा असं सुचवलं होतं.

पिंपळपान
"दुसरा मार्गही वाईट आहे" म्हणून पहिला चांगला ठरत नाही.

गिरगावकर
इतकं सगळं एका वाहिनीसाठी? आमच्याकडे रेडिओचं लायसन्स होतं, दरवर्षी पोस्टात जाऊन पुस्तिकेवर तिकिटं लावून आणायची. ऐंशीच्या दशकात सरकारने ते काढून टाकलं. काय बिघडलं?

अनुस्वार
गिरगावकर, बिघडलं ते आकाशवाणी-दूरदर्शनच्या बातम्या ऐकल्या की कळतं. लायसन्स गेलं, पैसा थेट केंद्राच्या अर्थसंकल्पातून येऊ लागला. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला, नावाला स्वायत्तता आली, पण पगार मंत्रालयाच्या अनुदानावरच राहिले. स्वतःची कमाई म्हणाल तर मोठा वाटा डीडी फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावाचा, म्हणजे खासगी वाहिन्यांना जागा भाड्याने देऊन. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने २,५३९.६१ कोटींची 'बिंड' योजना मंजूर केली, ती ट्रान्समीटर आणि स्टुडिओ सुधारण्यासाठी. यंत्रं सुधारतील. संपादकाचा पाठीचा कणा त्या यादीत नाही.

गिरगावकर
आणि बीबीसीला कणा आहे म्हणता? लायसन्सचा दर ठरवतं कोण, सरकारच ना?

थेम्सकाठचा
हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. होय, सरकारच ठरवतं, आणि गेल्या पंधरा वर्षांत त्याचा वापर कसा झाला ते पाहा.

२०१० मध्ये दर १४५.५० वर गोठवला, तो २०१७ पर्यंत. त्याच सौद्यात परदेशी श्रोत्यांसाठीची वर्ल्ड सर्व्हिस, वेल्श वाहिनी एस४सीचा बराचसा भार आणि खेड्यांतल्या ब्रॉडबँडसाठी वर्षाला १५ कोटी पौंड, हे सगळं बीबीसीच्या गळ्यात बांधलं. २०१५ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांच्या मोफत लायसन्सचा खर्चही बीबीसीवर ढकलला. तो २०२१-२२ पर्यंत ७४.५ कोटी पौंडांवर जाणार होता. म्हणून १ ऑगस्ट २०२० पासून मोफत फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळणाऱ्यांना. शिव्या कुणी खाल्ल्या? बीबीसीने. २०२२ ते २०२४ पुन्हा १५९ वर गोठवला. २०२४ मध्ये महागाईप्रमाणे ९ टक्के मिळायचे, तिथे ६.७ दिले आणि दर १६९.५० झाला. या सगळ्या वाटाघाटी काही दिवसांत, बंद दाराआड झाल्या. संसदेत त्यावर धड चर्चाही नव्हती.

संपादकाला फोन करून बातमी बदलायला सांगावी लागत नाही. दर पाच वर्षांनी तिजोरीची किल्ली दाखवली की पुरतं.

म्युनिकची_माई
इथे जर्मनीत तुमच्यासारखी व्हॅनही नाही आणि दारावर येणारा माणूसही नाही. २०१३ पासून घरटी ठरावीक वर्गणी: महिन्याला १८.३६ युरो, तिमाहीला ५५.०८. टीव्ही असो, नसो, खेड्यात रेंज नसो, भरायचेच. नगरपालिकेत पत्ता नोंदवला की माहिती आपोआप वसुली कार्यालयाकडे जाते आणि महिन्याभरात पत्र येतं. नवीन मंडळी ते पत्र जाहिरात समजून फेकतात, मग मागील तारखेपासून दंडासह येतं.

एका फ्लॅटला एकच वर्गणी, त्यामुळे चौघं राहत असाल तर घरात आधी कोण भरतंय ते विचारा आणि त्याचा वर्गणी क्रमांक लिहून कळवा. सरकारी बाफ्योग मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांना माफी आहे, पण ती आपल्या मुलांना सहसा मिळत नाही. म्हणजे भरा.

मुख्य फरक दर ठरवण्यात आहे. केईएफ नावाचा स्वतंत्र तज्ज्ञ आयोग वाहिन्यांचा हिशेब तपासून आकडा सुचवतो, मग सोळा राज्यांनी तो मान्य करायचा. अडवणूक तिथेही होते. २०२५ पासून १८.९४ सुचवले, राज्यांनी वाढ दिली नाही, वाहिन्या घटना न्यायालयात गेल्या. पण निदान आकडा कुठून आला ते छापील असतं.

चहाटळ
माई, म्हणजे तुमच्याकडे टीव्ही नसलेल्या माणसालाही टीव्हीचे पैसे. आमचे खडूसराव जर्मनीत गेले तर रोज रडतील.

खडूस_वाचक
मी रडत नाही. मी फ्रान्सला जाईन. त्यांनी १३८ युरोंची फी २०२२ मध्ये रद्द केली.

म्युनिकची_माई
आणि तेवढेच पैसे मूल्यवर्धित कराच्या वसुलीतून वाहिन्यांना दिले. खडूसराव बगेत (फ्रेंच पाव) घेताना भरतील.

डायोड
बऱ्याच जणांना "नेटफ्लिक्ससारखी वर्गणी करा, ज्याला हवं तो भरेल" हे सरळ वाटतं. त्यातली तांत्रिक अडचण सांगतो.

ब्रिटनमध्ये छपरावरच्या अँटेनाने जे दिसतं ते फ्रीव्ह्यू. आयटीव्ही डिजिटल ही पैसे भरून बघायची सेवा बुडाल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये बीबीसीने पुढाकार घेऊन ते सुरू केलं आणि बाजारात आले ते बिनकार्डाचे स्वस्त बॉक्स. कार्ड नाही म्हणजे सिग्नल कुलूपबंद करून पैसे भरणाऱ्यालाच उघडून देण्याची सोय नाही. यामुळे पुढे कुठल्याही सरकारला बीबीसी सशुल्क करणं अवघड जाईल, हा हिशेब तेव्हाचे महासंचालक ग्रेग डाइक यांनी नंतर उघडपणे लिहून ठेवला आहे. डिजिटल रेडिओलाही कुलूप नाही.

म्हणजे वर्गणी करायची तर आधी सगळं प्रक्षेपण इंटरनेटवर न्यायला हवं. पण फ्रीव्ह्यू निदान २०३४ पर्यंत चालू राहणार आहे, आणि फक्त अँटेनावर अवलंबून असणारे बहुतेक वयस्कर आणि कमी उत्पन्नाचे लोक आहेत. शिवाय वर्गणी झाली की वर्गणीदार आणेल तेच बनेल. आयप्लेअरची मालिका विकली जाईल. इंग्लंडमधली ३९ स्थानिक रेडिओ केंद्रं, वेल्श आणि गेलिक भाषांतले कार्यक्रम, शाळेचे धडे कोण विकत घेणार?

गिरगावकर
कुणी विकत घेत नसेल तर लोकांना नको आहे, असा साधा अर्थ का नाही काढायचा?

अनुस्वार
कारण पुराच्या रात्री स्थानिक रेडिओ हवा असतो आणि उरलेल्या वर्षभर नको असतो.

लेस्टरकर
मात्र त्याच स्थानिक रेडिओवर बीबीसीने स्वतः कुऱ्हाड चालवली, हेही लिहा. २०२३ मध्ये दुपारी दोननंतरचे कार्यक्रम केंद्रांनी वाटून घ्यायचे ठरले, पत्रकारांनी संप केला. पैसा डिजिटलकडे वळवायचा म्हणून. जे बाजार करणार नाही तेच कापायचं आणि नाचगाण्याची शर्यत ठेवायची, मग "आम्ही सार्वजनिक सेवा" कशाला म्हणायचं?

खडूस_वाचक
आता मुद्द्यावर आलात. त्या फुटबॉलवाल्या लिनेकरला साडेतेरा लाख पौंड.

हिशेबनीस
बरेच दिवस वाचतोय, आता आकडे बोलतो.

गॅरी लिनेकरचं मानधन २०२३-२४ मध्ये साडेतेरा लाख पौंडांच्या आसपास होतं. २ कोटी ३९ लाख लायसन्सांनी भागा: लायसन्समागे साडेपाच पेन्स. त्याने मे २०२५ मध्ये बीबीसी सोडली. तुमच्या लायसन्समधून काही कमी झालं का? मोठं मानधन घेणाऱ्या कलाकारांची यादी २०१७ पासून जाहीर होते, तिचा खरा उपयोग वेगळाच झाला. बायकांना तेच काम करून किती कमी मिळतं ते दिसलं. कॅरी ग्रेसी यांनी जानेवारी २०१८ मध्ये चीन संपादकपद सोडलं, समीरा अहमद यांनी जानेवारी २०२० मध्ये लवादापुढे समान वेतनाचा दावा जिंकला. शिवाय स्वतंत्र कंपन्यांमार्फत मिळणारे पैसे या यादीत येत नाहीत, म्हणून यादी वाचताना ते ध्यानात ठेवा.

खरी गळती चकचकीत चेहऱ्यांत नाही, प्रकल्पांत आहे. दोन उदाहरणं.

पहिलं: डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह. सगळ्या टेपा संपवून संपादन आणि साठवण संगणकावर आणायची योजना. काम सीमेन्सकडे होतं, २००९ मध्ये करार मोडून बीबीसीने ते स्वतःकडे घेतलं. वापरणाऱ्या विभागांच्या गरजा बदलत राहिल्या, पूर्ण काम झालंय का ते तपासणारं कुणी वर नव्हतं, आणि व्यवस्थापन "सगळं ठीक" असं सांगत राहिलं. मे २०१३ मध्ये गुंडाळलं तेव्हा ९.८४ कोटी पौंड बुडालेले होते. त्याच एप्रिलमध्ये थॅचरबाईंच्या निधनाच्या बातम्यांसाठी जुन्या टेपा टॅक्सीतून आणि भुयारी रेल्वेतून न्याव्या लागल्याच्या बातम्या आल्या.

दुसरं: 'ईस्टएंडर्स' मालिकेचा नवा सेट. ५.९७ कोटींचा अंदाज ८.६७ कोटींवर गेला आणि कामही रखडलं. जमिनीत ॲस्बेस्टॉस निघालं, बांधकामाचे दर वाढले, निविदेला ठेकेदार कमी आले. राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी डिसेंबर २०१८ च्या अहवालात हे सगळं मांडलंय. वाढीव खर्च लायसन्समागे एक पौंड तेरा पेन्स, म्हणजे लिनेकरच्या वीस वर्षांइतका. यावर कुणी ट्वीट केलं नाही.

वसुलीवर होणारा खर्च लायसन्सच्या उत्पन्नाच्या चार टक्क्यांच्या आसपास. आणि बीबीसी स्टुडिओज ही व्यापारी शाखा आपले कार्यक्रम जगभर विकून जे कमावते तेही शेवटी कार्यक्रमांतच जातं. तिची उलाढाल २०२४-२५ मध्ये २०० कोटी पौंडांच्या पुढे गेली.

चहाटळ
हिशेबनीस, तुम्ही "एक लिनेकर-वर्ष" हे नवं एकक दिलंत. मंगळयान किती लिनेकर-वर्षांचं, ते सवडीने सांगा.

गिरगावकर
पैसा झाला. आता तिसरा मुद्दा. इंग्लंडच्या लोकांनी आपल्या लायसन्सच्या पैशातून भारताविरुद्ध डॉक्युमेंटऱ्या काढायच्या आणि बीबीसी मराठीवर आपल्याला उपदेश करायचा. हे कसलं निःपक्ष?

अनुस्वार
दोन गोष्टी वेगळ्या करू.

'द मोदी क्वेश्चन' या माहितीपटाचे दोन भाग जानेवारी २०२३ मध्ये बीबीसी टूवर, ब्रिटनच्या प्रेक्षकांसाठी लागले. भारतात ते प्रसारित झालेच नव्हते. सरकारने २०२१ च्या आयटी नियमांतल्या तातडीच्या अधिकारांखाली यूट्यूब-ट्विटरवरच्या लिंका बंद करायला लावल्या. १४ फेब्रुवारीला दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत प्राप्तिकर खात्याचा सर्व्हे सुरू झाला, तीन दिवस चालला. आशयावर टीका जरूर करा. पण ती टीका आणि तो सर्व्हे महिन्याभराच्या अंतरात आले की टीकेचं वजन कमी होतं.

बीबीसी मराठी २ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालं, गुजराती, पंजाबी, तेलुगूबरोबर. त्या विस्ताराचा पैसा ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या वाढीव निधीतून आला. वर्ल्ड सर्व्हिसला लायसन्सबरोबर परराष्ट्र खात्याचं अनुदान मिळतं, वर्षाला दहा कोटी पौंडांच्या वर. आणि डिजिटल बातम्यांत परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आल्यामुळे एप्रिल २०२४ पासून मराठीसह सहा भारतीय भाषांचं काम 'कलेक्टिव्ह न्यूजरूम' ही भारतीय कंपनी करते. त्या मर्यादेच्या उल्लंघनाबद्दल ईडीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.४४ कोटी रुपयांचा दंड लावला.

गिरगावकर
म्हणजे परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालतं. माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

थेम्सकाठचा
गिरगावकर, हा आक्षेप रास्त आहे, आणि तो लायसन्सच्या बाजूचा आहे. पैसा मंत्रालयातून न येता घरोघरून यावा, हेच तर लायसन्सवाले म्हणतात.

इथल्या प्रकरणांकडे बघू. बीबीसीच्या 'पॅनोरमा' या वृत्तविषयक कार्यक्रमात ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातली सुमारे ५४ मिनिटांच्या अंतरावरची दोन वाक्यं सलग जोडली गेली. बीबीसीचे माजी बाह्य सल्लागार मायकेल प्रेस्कॉट यांचं टिपण वर्तमानपत्रात फुटलं आणि ९ नोव्हेंबर २०२५ ला महासंचालक टिम डेव्ही व वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस दोघांनी राजीनामे दिले. अध्यक्ष समीर शहा यांनी माफी मागितली, ट्रम्प यांनी तरी डिसेंबरमध्ये दावा ठोकला. उलट बाजूला, त्याच वर्षी गाझाच्या डॉक्टरांवरचा पूर्ण झालेला माहितीपट बीबीसीने दाखवला नाही, तो चॅनेल ४ ने दाखवला. फेब्रुवारीत गाझाच्याच दुसऱ्या माहितीपटातला निवेदक मुलगा हमास सरकारमधल्या अधिकाऱ्याचा निघाला आणि तो माहितीपट आयप्लेअरवरून काढावा लागला. प्रसारणाचं नियामक असलेल्या ऑफकॉमने तो प्रेक्षकांची गंभीर दिशाभूल करणारा ठरवला.

"दोन्ही बाजू शिव्या देतात म्हणजे आम्ही बरोबर" हे बीबीसीवाल्यांचं आवडतं उत्तर मला पटत नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चुका सापडू शकतात.

डायोड
'पॅनोरमा'बद्दल एक तांत्रिक गोष्ट. भाषण कापणं हा गुन्हा नाही, रोज कापतात. कापलं हे दिसायला हवं. त्यासाठी मध्ये पांढरा झोत टाकतात, गर्दीचं दृश्य घालतात किंवा निवेदक मध्ये बोलतो. इथे दोन तुकडे असे सांधले की एकच वाक्य वाटलं. कार्यक्रम बाहेरच्या निर्मितीसंस्थेचा होता, पण प्रक्षेपणाआधी तो तपासायची जबाबदारी बीबीसीची. मूळ भाषणाच्या लिखित प्रतीशी ताडून पाहिलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं.

पिंपळपान
अवांतर: समीर शहा यांचा जन्म औरंगाबादचा, आताचं छत्रपती संभाजीनगर. लहानपणी इंग्लंडला गेले. मार्च २०२४ पासून अध्यक्ष.

चहाटळ
आला! मराठवाड्याचा संबंध आला. आता हा धागा दोनशे प्रतिसाद पार करणार.

गिरगावकर
त्यांना नेमलं कोणी?

हिशेबनीस
सरकारने. चौदा जणांच्या मंडळात अध्यक्ष आणि चार प्रांतांचे चार सदस्य सरकारच्या शिफारशीने येतात. आधीचे अध्यक्ष रिचर्ड शार्प यांनी एप्रिल २०२३ मध्ये राजीनामा दिला, बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांच्या कर्जहमीशी आलेला संबंध नेमणुकीवेळी उघड केला नव्हता म्हणून. पंतप्रधानाच्या कर्जाच्या खटपटीत असलेला माणूस त्याच पंतप्रधानाने नेमायचा. पक्षपात शोधायचा तर बातमीतल्या विशेषणांआधी मी इथे शोधेन.

अनुस्वार
गिरगावकर आणि इतरांसाठी, तक्रार करायची तर ग्रुपवर न करता अशी करा. प्रसारणापासून ३० कामकाजी दिवसांत बीबीसीच्या तक्रार अर्जावर लिहायचं. तारीख, वेळ, कार्यक्रम आणि नेमकं वाक्य द्या. "तुम्ही नेहमीच असं करता" याला ठरावीक मजकुराचं उत्तर येतं. बीबीसी साधारण १० कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं ठरवते. पटलं नाही तर पुन्हा लिहा, मग तिसऱ्या पायरीला एक्झिक्युटिव्ह कम्प्लेंट्स युनिट. त्यानंतरच ऑफकॉम, जे २०१७ पासून बाहेरचं नियामक आहे. पायऱ्या गाळून थेट ऑफकॉमकडे गेलात तर परत पाठवतात. वर्ल्ड सर्व्हिस ऑफकॉमच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिच्या मजकुरावर शेवटचा शब्द त्या युनिटचाच.

लोक बहुतेक पहिल्याच उत्तरावर चिडून सोडून देतात. युनिटने मान्य केलेल्या तक्रारी बीबीसी स्वतःच्या साइटवर छापते, त्या वाचण्यासारख्या असतात.

लेस्टरकर
धागाकर्ते, मूळ प्रश्नाकडे या. सरकारला कळवायचं काय?

थेम्सकाठचा
माझं उत्तर: जर्मनीसारखी घरटी वर्गणी, पण उत्पन्नाप्रमाणे सवलत असलेली. फौजदारी कलम रद्द. दर केईएफसारख्या स्वतंत्र आयोगाने सुचवायचा आणि सरकारने नाकारला तर कारण लेखी द्यायचं. अध्यक्षाची नेमणूक पंतप्रधानाच्या हातून काढायची. सर्वसाधारण करातून पैसा देण्याचा मार्ग संस्कृतिमंत्री म्हणून लिसा नँडी यांनीच नाकारला, ते बरं झालं. प्रसार भारतीचं उदाहरण वर आलंच आहे.

गिरगावकर
घरटी सक्ती म्हणजे मी बघत नाही तरी भरा. माझा विरोध कायम. जाहिराती घ्या.

डायोड
जाहिराती घेतल्या तर आयटीव्ही आणि चॅनेल ४ यांच्याच ताटातलं घेणार. जाहिरातींचा बाजार बीबीसी आली म्हणून वाढत नाही. म्हणून त्या दोन वाहिन्या आजवर बीबीसीवर जाहिराती नकोत म्हणत आल्या आहेत.

पिंपळपान
मी एवढंच लिहिलं असतं: आधी ती लाल पत्रं थांबवा, मग बाकी बोलू.

नवखी_ब्रिस्टल
माफ करा, उशिरा आले. नेटफ्लिक्सशिवाय काही बघत नाही म्हणून लायसन्स बंद करायचंय. बँकेत जाऊन डायरेक्ट डेबिट रद्द केलं की झालं ना?

लेस्टरकर
नको, ताई! तसं केलं की तुम्ही थकबाकीदार दिसता आणि पत्रं सुरू होतात. क्रम असा ठेवा: आधी आयप्लेअर आणि सगळ्या थेट वाहिन्यांची ॲप टीव्हीवरून काढा, म्हणजे घरातलं कुणी चुकून लावणार नाही. मग टीव्ही लायसन्सिंगच्या साइटवर 'लायसन्सची गरज नाही' असं जाहीर करा. त्याच वेळी निदान एक पूर्ण महिना शिल्लक असेल तर परतावा मागा. मान्य झाल्याचा ईमेल आला की मग डायरेक्ट डेबिट. ते जाहीर केलेलं दोन वर्षं चालतं, पुढे पुन्हा करावं लागतं, तारीख लिहून ठेवा. तपासनीस आलाच तर न्यायालयाचं वॉरंट असल्याशिवाय त्याला घरात घेण्याचं बंधन नाही. नम्रपणे नाही म्हणा.

आणि नेटफ्लिक्सवर अधूनमधून थेट कुस्ती किंवा मुष्टियुद्ध असतं, ते लावू नका. थेट म्हणजे थेट, त्याला लायसन्स लागतं.

खडूस_वाचक
कुस्तीसाठी १७४.५० पौंड. मी म्हणालो होतो, मी टीव्हीच बघत नाही.